नासी गोरेंग: इंडोनेशियात टूर कंपनीशिवाय फिरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

टूर कंपनीबरोबर गेलं की जेवणाची काळजी नसते. बऱ्याच मराठी कंपन्या परदेशातही वरणभाताची सोय करतात. पण स्वतः तिकिटं काढून, पाठीवर पिशवी टाकून निघालं की दिवसातून तीनदा प्रश्न पडतो, आता काय खायचं? इंडोनेशियात त्याचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे नासी गोरेंग. मी आईला घेऊन जाकार्ता, बांडुंग, योग्यकर्ता आणि बाली असा प्रवास केला. मी मासे-मटण खाते, आई पूर्ण शाकाहारी. त्यामुळे या एका पदार्थाच्या दोन्ही बाजू मला नीट बघायला मिळाल्या. परत आल्यापासून ओळखीचे लोक जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिते आहे.

नासी गोरेंग म्हणजे आपला फोडणीचा भातच ना?

मूळ कल्पना तीच. ‘नासी’ म्हणजे शिजवलेला भात आणि ‘गोरेंग’ म्हणजे तळलेला, परतलेला. रात्रीचा उरलेला भात सकाळी परतून खायचा, ही तिथल्या घराघरातली न्याहारी आहे. भात कढईत परतण्याची पद्धत चिनी व्यापाऱ्यांबरोबर या बेटांवर आली असं मानतात, पण आज त्याची चव पूर्ण इंडोनेशियन आहे.

आपण मोहरी-हिंग-हळदीची फोडणी देतो, ते वाटण परततात. छोटे लालसर कांदे, लसूण, मिरच्या आणि मीठ दगडी पाट्यावर रगडून तेलात घालतात. मग भात आणि त्यावर ‘केचाप मानिस’, म्हणजे ताडगूळ घालून दाट केलेला गोड सोया सॉस. भाताला तो गडद तपकिरी रंग येतो तो यामुळे. वर तळलेला कांदा, बाजूला काकडी-टोमॅटोच्या फोडी आणि एक-दोन करुपुक, म्हणजे आपल्या कुरडई-पापडासारखा तळणीचा प्रकार.

पण फ्राइड राइस तर गल्लीतल्या चायनीज गाडीवरही मिळतो. वेगळं काय?

वेगळेपण दोन गोष्टींत आहे: केचाप मानिस आणि तरासी. केचापबद्दल वर लिहिलंच. तरासी म्हणजे बारीक कोलंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली गडद वडी. कोकणातल्या वाचकांना जास्त सांगायला नको. ती ज्या चिमुकल्या कोलंबीपासून करतात, तिला तिथे ‘रबोन’ म्हणतात आणि ती आपल्या जवळ्याचीच सख्खी बहीण आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं चिरेबोन शहर या तरासीसाठी नावाजलेलं आहे. कच्च्या तरासीचा वास उग्र असतो, पण तेलात पडली की तो पूर्ण बदलतो आणि भाताला एक खोल, खमंग चव येते.

योग्यकर्त्याच्या ज्या गल्लीत आम्ही राहिलो होतो, तिथे रोज संध्याकाळी सातनंतर एक ढकलगाडी लागायची. मी तिथे उभं राहून पूर्ण कृती बघितली. गाडीवाल्या दादांनी चार मिरच्या, तीन लहान कांदे, एक लसणाची पाकळी आणि नखाएवढी तरासी दगडी वाटीत घेतली आणि मनगट फिरवत रगडली. कढईत तेल तापलं, वाटण पडलं आणि उभ्या असलेल्या चौघांना एकदम ठसका लागला. मग वाटण एका कडेला सारून अंडं फोडलं, ते अर्धवट जमल्यावर भात टाकला आणि झाऱ्याच्या पाठीने गुठळ्या दाबून मोकळ्या केल्या. केचाप मात्र त्यांनी भातावर ओतलं नाही, तापलेल्या कढईच्या कडेवर गोल फिरवलं. त्यातली साखर क्षणात करपायला आली आणि तसाच तो भात त्यात ओढून घेतला. पूर्ण चव त्या एका क्षणाची आहे. एका वेळी एकाच माणसाचा भात, फार तर दोघांचा. म्हणून रांगेत थांबावं लागतं आणि म्हणूनच तो चांगला लागतो.

२०११ साली सीएनएनच्या वाचकांनी जगातल्या चविष्ट पदार्थांसाठी मतं दिली, तेव्हा रेंदांग (नारळाच्या दुधात आणि मसाल्यात आटवलेलं मांस) पहिला आणि नासी गोरेंग दुसरा आला होता. पुढे २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने पाच राष्ट्रीय पदार्थ जाहीर केले, त्यातही तो आहे. बाकीचे चार म्हणजे सोतो (मसालेदार सूप), साते (काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे), रेंदांग आणि गादो-गादो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या).

हॉटेलच्या नाश्त्यात नासी गोरेंग असतोच. मग बाहेर कशाला शोधायचा?

असतो, आणि वाईटही नसतो. पण मोठ्या भांड्यात करून झाकून ठेवलेला भात आणि डोळ्यांसमोर कढईतून उतरलेला भात यांत फरक पडणारच. शिवाय हॉटेलं परदेशी पाहुण्यांसाठी तरासी आणि मिरची दोन्ही हात राखून घालतात.

खरी वेळ रात्रीची. दिवसा गाड्या फारशा दिसत नाहीत, अंधार पडला की लागतात. ढकलगाडीला ‘गरोबाक’ म्हणतात, टपरीवजा खानावळीला ‘वारुंग’. काही फेरीवाले कढईवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठोकत गल्लीबोळांतून फिरतात, त्या आवाजावरून त्यांना ‘तेक-तेक’ नाव पडलं आहे. रात्री खोलीत बसलेले असताना तो आवाज आला तर खाली उतरा, उशीर करू नका, गाडी पुढच्या गल्लीत गेलेली असते. जावामध्ये काही जण अजूनही कोळशाच्या शेगडीवर करतात. तशी शेगडी दिसली तर दुसरीकडे जाऊच नका. धुराचा जो हलका वास भाताला लागतो तो गॅसवर येत नाही.

मी शाकाहारी आहे. मला खाता येईल का?

येईल. मात्र नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, आणि सांगायचं ते वाटण रगडण्याआधी सांगायला हवं.

पहिल्याच रात्री आमची चूक झाली. फोनवरून शब्द पाठ करून गेले होते, ‘तानपा दागिंग’, म्हणजे मांस नको. दादांनी मान डोलावली आणि ताटात चिकनचे बारीक तुकडे आले. आईने ताट शांतपणे बाजूला सारलं. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. नंतर कळलं, की ‘दागिंग’चा अर्थ मांस असला तरी रोजच्या बोलण्यात त्याने आधी गोमांसच समजतात. चिकन म्हणजे ‘आयाम’, ते वेगळं सांगावं लागतं. त्यांनी फसवलं नव्हतं, आम्हीच अर्धं सांगितलं होतं. त्यांनी न बोलता कढई धुतली आणि दुसरा भात करून दिला.

म्हणून एकेक नाव घ्या: ‘साया वेजेतारियान. तानपा आयाम, तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा उदांग, तानपा तरासी.’ म्हणजे मी शाकाहारी आहे; चिकन, मांस, मासा, कोलंबी, तरासी काही नको. यातला शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, कारण तरासी दिसत नाही. ती वाटणात विरघळलेली असते आणि बऱ्याच ठिकाणी वाटण आधीच तयार करून डब्यात ठेवलेलं असतं. अशा गाडीवर ‘तरासी नको’ म्हटलं तरी उपयोग नसतो. डब्याकडे बोट दाखवून ‘आदा तरासी?’, म्हणजे यात तरासी आहे का, असं विचारा. आहे म्हटलं तर पुढची गाडी बघा. जिथे प्रत्येकासाठी ताजं रगडतात तिथे काम सोपं असतं.

आणखी तीन ठिकाणी लक्ष ठेवा. ‘साउस तिराम’ म्हणजे कालव्यांचा सॉस. चिमूटभर घालतात ती मसाल्याची पूड बहुतेकदा चिकनच्या चवीची असते. आणि सोबतचे पापडासारखे करुपुक बरेचदा कोलंबीचे असतात. त्याऐवजी ‘एंपिंग’ मिळाली तर घ्या, ती मलिंजो नावाच्या झाडाच्या बिया चेपून केलेली असते, थोडी कडवट आणि फार छान. कढई सगळ्यांना एकच असते, हे मात्र मनाने आधी ठरवून जावं. आईने ते चालवून घेतलं. ज्यांना चालणार नाही त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न आहे.

नको-नकोची यादी संपली की ‘पाकाय तेंपे’ म्हणा, म्हणजे तेंपे घालून. तेंपे ही आंबवलेल्या अख्ख्या सोयाबीनची वडी, मूळ जावाचीच. चौकोनी तुकडे तळून भातात घातले की आईच्या शब्दांत ‘पोटभरीचं’ होतं. गेल्यापासून येईपर्यंत ती रोज तेच जेवली.

कांदा-लसूणही खात नाही. मग?

गाडीवर अवघड आहे. वाटणाचा पायाच कांदा-लसणाचा, तो काढला तर काही उरत नाही. पण जाकार्ता, सुराबाया, मेदानसारख्या मोठ्या शहरांत चिनी बौद्ध मंडळींची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहं आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पाटीवर ‘वेजेतारियान’ लिहिलेलं असतं. ‘तानपा बावांग’ असं म्हणून एकदा खात्री करून घ्या. तिथली कढईही वेगळी, त्यामुळे वरचा प्रश्नही सुटतो.

‘स्पेशल’ म्हणजे काय?

बहुतेक ठिकाणी फक्त अंडं जास्त. साध्याला ‘बियासा’ म्हणतात. अंडं नको असेल तर ‘तानपा तलुर’ म्हणा आणि तेही आधीच, कारण ‘बियासा’मध्येही फोडून मिसळलेलं अंडं असू शकतं. अख्खं अंडं वर हवं असेल तर ‘तलुर मातासापी’. मातासापी म्हणजे गाईचा डोळा.

तिखट झेपेल का?

कोल्हापूर-नागपूरकडच्यांना सहज. पण चवीची रीत वेगळी आहे. पहिल्या घासाला गोड लागतं आणि तिखट मागून येतं, म्हणून लोक फसतात. तिथली छोटी मिरची, ‘चाबे रावित’, आपल्या लवंगी मिरचीच्या तोडीची आहे. ‘तिदाक पदास’ म्हणजे तिखट नको, ‘सदांग’ म्हणजे मध्यम, ‘पदास’ म्हणजे तिखट. गाडीवाले विचारतातच. लहान मुलं बरोबर असतील तर ‘तिदाक पदास’ म्हणून सांबल वेगळी मागून घ्या. सांबल म्हणजे त्यांचा ठेचा, आणि त्यातही बरेचदा तरासी असते, शाकाहाऱ्यांनी विसरू नये.

कुठल्या गावी कुठला प्रकार खायचा?

जाकार्तात मटणाचा, म्हणजे ‘नासी गोरेंग कांबिंग’. कबोन सिरिह भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. यात गरम मसाल्याचा हात मोकळा असतो, मटणाच्या पुलावाची आठवण होते. पहिल्यांदा जाणाऱ्या मांसाहारी मराठी माणसाने सुरुवात यानेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. योग्यकर्त्यात ‘मागलांगान’ मागा, त्यात भात आणि नूडल्स एकत्र परततात. सुलावेसीच्या माकास्सारमध्ये टोमॅटो सॉस घालून लाल करतात. आचेहकडचा मसालेदार. ‘नासी गोरेंग पते’मध्ये पते नावाच्या उग्र वासाच्या हिरव्या बिया असतात, त्या आवडल्या तर खूप आवडतात. ‘इकान आसिन’ म्हणजे खारवलेला सुका मासा घातलेला, हा सुकट-बोंबील आवडणाऱ्यांसाठी. मेनूवर ‘कांपुंग’ लिहिलेलं असेल तर गावाकडच्या साध्या पद्धतीचा समजा.

बालीत डुकराचं मांस असतं का?

असू शकतं. इंडोनेशियात बहुसंख्य मुस्लिम असल्यामुळे जावासारख्या भागांत ते सहसा दिसत नाही, पण बाली हिंदुबहुल आहे आणि तिथे ते आवडीने खातात. ‘बाबी’ हा शब्द लक्षात ठेवा. नको असेल तर ‘तानपा बाबी’. बालीत जावाहून आलेल्या लोकांच्याही भरपूर गाड्या आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही.

किती पैसे पडतात?

गाडीवर किंवा साध्या वारुंगमध्ये साधारण १५ ते २५ हजार रुपियाह. आकड्याने घाबरू नका, हजार रुपियाह म्हणजे आपले पाच-सहा रुपये. म्हणजे शंभर-सव्वाशेत पोटभर जेवण. बालीतल्या पर्यटकांच्या कॅफेमध्ये हाच भात दुप्पट-तिप्पट किमतीला मिळतो, आणि मोठ्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर कर आणि सेवा शुल्क वेगळं लागतं. मेनूवर नुसतं २० लिहिलेलं असेल तर ते २० हजार समजायचं. सुटे पैसे ठेवा. गाडीवर लाखाची लाल नोट पुढे केली की बिचाऱ्यांना शेजारच्या दुकानात पळावं लागतं.

रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडणार नाही ना?

समोर प्रचंड आचेवर केलेला पदार्थ आहे, त्यामुळे इतर बऱ्याच गोष्टींपेक्षा सुरक्षित. भीती कढईची नाही, भाताची आहे. शिजलेला भात तासनतास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी केलेलं एक विष पुन्हा परतूनही जात नाही. म्हणून जिथे गर्दी आहे, भात भराभर संपतो आहे, तिथेच खा. स्थानिक कुटुंबं मुलाबाळांसह उभी असतील तर निश्चिंत व्हा. रिकाम्या गाडीवर, रात्री अगदी उशिरा, तळाशी उरलेला भात नको.

बाजूच्या कच्च्या काकडीची शंका आली तर सोडून द्या. नळाचं पाणी पिऊ नका, सीलबंद बाटली घ्या. मी तर सगळीकडे गरम चहाच प्यायले. ‘ते तावार’ म्हटलं की बिनसाखरेचा मिळतो आणि या भाताबरोबर तोच चांगला लागतो.

कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र गाडीवर धोका पत्करू नये. तरासी न घालताही कढईला, झाऱ्याला ती लागलेली असते.

रमजानमध्ये जावं का?

जावं, पण दिवसाचं नियोजन करून. जावा-सुमात्रात दिवसा बरेच वारुंग बंद असतात किंवा दर्शनी भागाला पडदा लावून चालू असतात. पडद्याआड खाल्लेलं चालतं, रस्त्यावर चालता चालता खाऊ नये. सूर्यास्तानंतर मात्र रस्ते अन्नाने भरून जातात, ते बघण्यासाठी तरी जावं. बालीत फारसा फरक जाणवत नाही.

भाषा येत नाही. हाक कशी मारायची?

नुसतं ‘एक्सक्यूज मी’ म्हणण्यापेक्षा नात्याने हाक मारा, लगेच चेहरा खुलतो. जावात तरुण पुरुषाला ‘मास’, तरुण स्त्रीला ‘म्बाक’, जाकार्तात ‘बांग’, बालीत पुरुषाला ‘ब्ली’. वयाने मोठ्यांना सगळीकडे ‘पाक’ आणि ‘इबू’. अगदी आपल्या दादा-ताई-काकांसारखंच. बांधून हवं असेल तर ‘बुंकुस’. रात्री उशिरा एकटीने बाहेर बसून जेवायला संकोच वाटत असेल तर हा शब्द फार कामाचा, तपकिरी कागदात गरम पुडी बांधून देतात.

आणि काही शब्द ओळखीचे निघतील. मिरीला ते ‘मरिचा’ म्हणतात, संस्कृतमधल्या मरिच शब्दावरून, ज्यातून आपलं मिरं आलं. साखर म्हणजे ‘गुला’, तो आपला गूळच; लाल ताडगुळाला ‘गुला मेराह’. व्हिनेगरला ‘चुका’ म्हणतात. आंबट चुक्याची भाजी आठवली ना? दोन्ही शब्द संस्कृत ‘चुक्र’वरून आले आहेत. चवीला ‘रासा’. आईला हे शब्द कळले तेव्हा तिची परकेपणाची भावनाच गेली, ती गाडीवाल्यांशी सरळ मराठीत बोलायला लागली आणि त्यांचं जमायचं.

हाताने खायचं की चमच्याने?

उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, आणि काट्याने भात चमच्यावर ढकलायचा. हाताने खाल्लं तरी कुणी नावं ठेवत नाही, फक्त उजव्याच हाताने.

प्रवासात, गाडी चुकवायची नसेल तेव्हा?

रेल्वेत खा. जाकार्ता ते बांडुंग मार्गावरची पाराह्यांगान गाडी तिच्या नासी गोरेंगसाठीच ओळखली जाते. सुमारे तीन तासांचा प्रवास, बाहेर भातखाचरं आणि खोल दऱ्यांवरचे पूल, आणि मांडीवर तो डबा. ढकलगाडीवरच्या भाताची सर त्याला नाही, पण खिडकीजवळ बसून खाल्लेला तो भात मला आवडला.

परत आल्यावर घरी करता येईल का?

नक्की येईल. भात आदल्या दिवशीचा घ्या. ताज्या भातात ओल असते, तो चिकटतो. थंड झालेला दाणा घट्ट होतो आणि सुटा परतला जातो. कोलम चांगला, आंबेमोहोर नको, तो मऊ पडतो. बासमतीचा सुवास मध्ये येतो. भात शिजला की लगेच ताटात पसरून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर रात्रभर नको.

केचाप मानिस नाही मिळालं तर एक वाटी सोया सॉस आणि एक वाटी चिरलेला गूळ मंद आचेवर काकवीइतका दाट होईपर्यंत उकळा, एक चक्रीफूल टाका. कोल्हापुरी गुळाचं मी करते, जवळजवळ तेच लागतं. तरासीऐवजी मूठभर सुका जवळा कोरडा भाजून, चिमूटभर मीठ घालून कुटा. छोटे कांदे म्हणून सांबाराचे कांदे घ्या. कढई लोखंडी हवी आणि धूर येईपर्यंत तापलेली. एका वेळी एकाच्याच वाटणीचा भात टाका. घरातले चौघे खोळंबले तरी चालेल, एकदम टाकलात तर भात परतला जाणार नाही, वाफेवर शिजेल.

आईचा भात मी पहिला करते, धुतलेल्या कढईत, जवळा न घालता. मग जवळ्याचा डबा उघडते.